निर्दोष अंबाडी

ती अंबाडी होती, हे मी आधीच सांगून टाकतो. हे वाक्य त्या वर्षी मी जर्मन भाषेत इतक्या प्रकारच्या माणसांसमोर उच्चारले की शेवटी शेवटी माझा मलाच संशय येऊ लागला होता. खरे बोलण्याचा एक तोटा असतो. पहिल्यांदा सांगितले तर लोक ऐकतात, दुसऱ्यांदा सांगितले की एकमेकांकडे पाहतात, आणि तिसऱ्यांदा सांगितले की हा मनुष्य काहीतरी लपवतो आहे अशी त्यांची खात्री पटते.

अंबाडीचाही यात थोडा दोष आहे. लहान असताना तिचे पान साधे, गोलसर, कुणाच्या अध्यात ना मध्यात असे असते. झाड कमरेला लागले की त्याला काय सुचते कोण जाणे, पान हाताच्या पंजासारखे फाटत जाते, बोटे लांब होतात, कडांना करवतीचे दाते येतात, आणि आपल्या आमटीभाताच्या घरातली ही सोज्वळ पालेभाजी हुबेहूब गांज्यासारखी दिसू लागते. वनस्पतिशास्त्रज्ञांनीसुद्धा तिला लॅटिन नाव देताना गांज्याचीच आठवण काढली आहे. मग वाल्डॉर्फजवळच्या 'झोनेनएक' बागवसाहतीतल्या निवृत्त माणसांना काय म्हणून बोल लावायचा?

बागवसाहत म्हणजे जर्मन मध्यमवर्गाने गावाबाहेर भाडेपट्ट्याने घेतलेल्या जमिनीच्या छोट्या चौकोनांचा समुदाय. प्रत्येक चौकोनात एक लाकडी खोपटे, एक सफरचंदाचे झाड, आणि बहुतेकांत लाल टोपीचा मातीचा बुटका म्हातारा. जमिनीच्या एकतृतीयांश भागात भाजीपाला किंवा फळे लावलीच पाहिजेत, असा नियम आहे. कुंपणाच्या उंचीचा नियम आहे, दुपारच्या शांततेचा आहे, खत कुठे कुजवावे याचा आहे. नव्या माणसाला आधी 'प्रोबेयार', म्हणजे परीक्षेचे वर्ष, दिले जाते. ते नीट पार पडले तर शरद ऋतूतल्या सभेत सभासद मत देतात आणि जमीन कायमच्या पट्ट्याने नावावर होते. मला ती नावावर करून घ्यायची होती.

एका सुशिक्षित सॉफ्टवेअर इंजिनिअरने चार वाफ्यांसाठी एवढा जीव टाकावा, याचे माझ्या सहकाऱ्यांना नवल वाटे. त्यांना सांगण्यासारखे ते नव्हते. आमच्या घराण्यात सातबाऱ्याचा उतारा कुणी पाहिलेला नव्हता. ज्यांची नावे सातबाऱ्यावर असत त्यांच्या शेतात राबलेले मात्र पुष्कळ होते. माझ्या सासूबाई, लीलाबाई, मुलीला शिकवण्यासाठी अकोल्याकडे लोकांच्या कपाशीत निंदायला जात. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, अंबाडी असे, आणि संध्याकाळी मजुरीखेरीज तिचा पाला ओटीत भरून नेऊ देत. आमच्याकडे अंबाडीची भाजी इतकी प्रिय का, याचे उत्तर पाकशास्त्रात शोधू नये.

त्या वर्षी सासूबाई उन्हाळ्यासाठी आमच्याकडे आल्या त्याच मुळी 'जवाईबापूंची जमीन' पाहायला. पदराच्या गाठीत अंबाडीचे बी होते. ती पट्ट्याची जमीन आहे, आपली नाही, आणि अजून तर तीही नाही, हे माझ्या पत्नीने, यामिनीने, त्यांना समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "मंग नावावर कधी होते?"

बी पेरले मे महिन्यात, थंडीचा शेवटचा झटका उलटल्यावर. हा मुहूर्त शेजारच्या बागेतल्या हेर, म्हणजे श्रीयुत, ब्रेंडले यांनी सांगितला होता. मला त्या वसाहतीत कुणीतरी आपण होऊन सांगितलेले ते पहिले वाक्य. एरवी मी दिसलो की लोक गुलाबांत काहीतरी शोधू लागत. बी उगवले, रोपे वाढली, पानांना बोटे फुटली, आणि जूनच्या मध्यावर खालची पाने पिवळी पडू लागली.

येथून माझी दैना सुरू झाली, परंतु ती मला भाग्योदयासारखी वाटली. पिवळी पाने घेऊन मी कुंपणाशी उभा असताना हेर ब्रेंडले आले. त्यांनी पान हातात घेतले, उलटे केले, वर आभाळाकडे धरले. मग माझ्याकडे असे पाहिले, जसे मला त्या गावात कुणी पाहिले नव्हते. त्या नजरेत आदर होता. "आल्झो," म्हणजे 'तर मग', ते हळूच म्हणाले, "नत्र कमी पडतंय," आणि संध्याकाळी खाजकुयलीसारखी आग करणाऱ्या एका वनस्पतीच्या कुजवणाने भरलेली बादली घेऊन आले. तिचा वास इतका उग्र होता की सासूबाई खोपट्यात जाऊन बसल्या. ते कुजवण घातल्यावर आणखी पाने पिवळी पडली.

मग पलीकडच्या बाईंनी अंड्याची टरफले दिली. एका गृहस्थांनी कॉफीचा चोथा आणला. ज्यांनी इतके महिने माझ्या नमस्काराला मान हलवली नव्हती ते सायकलवरून उतरून 'कसं आहे आता?' असे आजारी माणसाविषयी विचारावे तसे विचारू लागले. सासूबाईंचे मत स्पष्ट होते, शेणाशिवाय जमिनीत जीव नाही. वाल्डॉर्फमध्ये शेण मिळवणे हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. शेवटी घोड्यांच्या तबेल्यातून लीद आणली, ती गाडीच्या डिकीत सांडली, आणि पुढे कित्येक दिवस कंपनीत माझ्या शेजारचा सहकारी खिडकी उघडून बसत असे. लीद ताजी होती. ताजी लीद मुळांना भाजते, हे मला मागाहून कळले, आणि अंबाडीला लगेच.

आपण विद्यापीठात शिकलेले आहोत, तेव्हा प्रश्न शास्त्रीय पद्धतीने सोडवावा, असे ठरवून मी मातीचा नमुना तपासणीला पाठवला. अर्जात पिकाचा सांकेतिक क्रमांक लिहायचा होता. यादीत शतावरी होती, तंबाखू होता, अंबाडी नव्हती. फोन केला तेव्हा तिथल्या बाईंनी शांतपणे विचारले की जे पीक यादीत नाही ते मी लावलेच कशाला. अखेर 'इतर' या सदरात आमची नोंद झाली आणि अहवाल आला तो गुलाबांना चुना घालावा असा.

तेव्हा मी इंटरनेटवरच्या एका बागकामाच्या चर्चामंचावर पिवळ्या पानांची छायाचित्रे टाकली. तासाभरात जी उत्तरे आली त्यांनी माझे डोळे पाणावले. नुसती सहानुभूती नव्हती, विद्वत्ता होती. खालची पाने पिवळी की वरची, शिरा हिरव्या राहिल्या की नाही, टोके वळली आहेत का, पाणी किती, अशी चौकशी मला माझ्या डॉक्टरनेही कधी केली नव्हती. प्रत्येक जण शेवटी एवढेच सुचवी की मित्रा, छायाचित्रे काढून टाक आणि गावाचे नाव पुसून टाक. जर्मन माणसाला खासगीपणाचे किती महत्त्व वाटते, याचा हा पुरावा मी सासूबाईंना कौतुकाने सांगितला.

याच मंडळींनी हायडेलबर्गमधल्या एका दुकानाचा पत्ता दिला. तिथे दिवे होते, पंखे होते, बाटल्यांतून खते होती. लांब केसांच्या विक्रेत्याने माझे पान पाहून विचारले, टोमॅटो का? मी म्हणालो, नाही, ही एक पालेभाजी आहे.

"गेनाऊ," म्हणजे 'अगदी बरोबर', तो गंभीरपणे म्हणाला, "पालेभाजी." आणि त्याने मला एक हिरवी बाटली दिली.

इतक्या उपचारांतून कोणतेही झाड वाचले नसते. पण जुलैत कंपनीने मला कामासाठी हॅनोव्हरला पाठवले, यामिनीला हायडेलबर्गच्या प्रयोगशाळेतून सुटी मिळेना, सासूबाईंचा गुडघा दुखत होता. त्यामुळे काही काळ अंबाडीकडे कुणीच फिरकले नाही. परत येऊन पाहतो तो सगळी हिरवीगार आणि माझ्या खांद्याला लागलेली. यातून मी जो निष्कर्ष काढायला हवा होता तो न काढता मी आनंदाने पहिला पाला खुडला आणि शेजाऱ्यांना वाटायला निघालो.

त्या फेरीत बाकी कुणी बागेत भेटले नाही, म्हणून मी वसाहतीचे अध्यक्ष हेर झाऊटर यांच्या दारी गेलो. ते कस्टम खात्यातून निवृत्त झालेले, उंच, इस्त्री केलेल्या सदऱ्याचे गृहस्थ. त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि मला आत घेतले. पत्नीला, फ्राऊ एडिथ झाऊटर यांना, मज्जातंतूंचा विकार होता. पाय रात्रंदिवस जळत. औषधे सगळी करून झाली होती आणि झोप गेली होती. तिच्यासाठी तुम्ही थोडी पाने द्याल का, असे त्यांनी विचारले, आणि विचारताना त्यांचे कान लाल झाले. एवढ्याशा पालेभाजीसाठी एवढा संकोच पाहून मी हेलावलो. पिशवीभर पाला दिला आणि तूरडाळ, तांदळाच्या कण्या, वरून लसणाची फोडणी अशी कृतीही सांगितली. "चहा केला तर चालेल?" त्यांनी विचारले. आंबट लागेल, मी म्हणालो, पण चालेल.

पुढच्या आठवड्यात फ्राऊ झाऊटर चाकाच्या खुर्चीत बसून स्वतः आमच्या कुंपणापर्यंत आल्या. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. त्या झोपल्या होत्या. सलग, सकाळपर्यंत. सासूबाईंनी त्यांच्या पायांवरून हात फिरवला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी बराच वेळ बोलत बसल्या.

सत्य उघड केले ते यामिनीने. ब्रेंडले तिला कुंपणावरून विचारीत होते की तुम्ही ही उन्हात वाळवता की सावलीत, आणि आम्हा जुन्या शेजाऱ्यांना काही मिळणार आहे की नाही. ती घरी आली, दार लावले आणि म्हणाली, "अहो, हे लोक तुम्हाला गांजा पिकवणारा समजतात."

मी हसलो. मग संगणकावर दोन्ही पाने शेजारी शेजारी लावून पाहिली आणि हसणे थांबवले. एखाद्याला अशा वेळी पोलिसांची भीती वाटली असती, निवासाच्या परवान्याची वाटली असती. मलाही ती वाटली, पण नंतर. आधी वाटले ते दुःख. ती अंड्याची टरफले, तो कॉफीचा चोथा, सायकलवरून उतरून केलेली ती विचारपूस यांतले काहीच माझ्यासाठी नव्हते. एक शेजारी म्हणून मला त्यांनी ओळखले नव्हते. ओळखले ते गुन्हेगार म्हणून, आणि त्या ओळखीवर ते माझ्याशी किती चांगले वागले होते!

मी ताबडतोब खुलासे करायला निघालो. ब्रेंडले यांना मी पान चावून दाखवले, त्यांनाही चावायला दिले. त्यांनी तोंड आंबट केले आणि ते अत्यंत दुखावले. मी चांगला माल लपवून त्यांना भलतेच काही दिले, असा त्यांचा समज झाला. "झाऊटरना देता," ते म्हणाले, "आणि मला भाजी." त्या दिवसापासून त्यांनी बोलणे टाकले, आणि सभेच्या विषयपत्रिकेत आमच्या बागेविषयी एक तक्रार दाखल झाली.

मग मी हेर झाऊटर यांच्याकडे गेलो. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. शेजारच्या खोलीत त्यांची पत्नी रेडिओ ऐकत होती. त्यांनी उठून दार ओढून घेतले.

"ती झोपते, हेर वाकोडे," ते म्हणाले.

मी म्हणालो की ती भाजी आहे. तिच्यात झोपेचे काही नाही.

"असेल. माझ्या घरात ती भाजी नाही." त्यांनी बंद दाराकडे पाहिले. "एडिथला कळू देऊ नका. सभेचं मी पाहतो. अध्यक्ष मी आहे."

मी शब्द दिला. यामिनीला ते पटले नाही. अध्यक्षांना खरे ठाऊक आहे ना, मग सभेत ते सांगतील कसे आणि न सांगता आपल्याला वाचवतील कसे, हे तुम्ही विचारलेत का, असे तिने विचारले. तिचे प्रश्न नेहमीच मुद्द्याचे असतात, आणि मला ते नेहमी शब्द देऊन झाल्यावर ऐकू येतात.

सभा ऑक्टोबरातल्या एका रविवारी सकाळी वसाहतीच्या सभागृहात होती. त्याच आठवड्यात अंबाडीला फुले आली. फिकट पिवळी, तळहाताएवढी, आणि मध्यभागी गर्द किरमिजी डोळा. असे फूल गांज्याला सात जन्मांत येणार नाही, हे शेंबड्या पोरालाही कळले असते. शब्द दिला होता खरा, परंतु माणसाने पुरावा जवळ बाळगू नये असे काही मी कबूल केले नव्हते. सकाळी उमललेले एक फूल ओल्या कागदात ठेवून मी डब्यात घातले. सासूबाईंनी भल्या पहाटे उठून पातेलेभर अंबाडीची भाजी आणि ज्वारीच्या पिठाच्या भाकरी केल्या होत्या. जमीन नावावर होण्याच्या दिवशी रिकाम्या हाताने जायचे नाही, असे त्यांचे म्हणणे.

आमचा विषय शेवटी आला. ब्रेंडले उठले. त्यांनी वनस्पतीचे नाव घेतले नाही. 'विशिष्ट प्रकारची लागवड' एवढेच म्हणाले, आणि वसाहतीच्या नावाला काळिमा, नातवंडे खेळायला येतात, वगैरे. पोलिसांना कळवावे असे कुणीही सुचवले नाही, कारण पोलीस आले तर प्रत्येकाच्या नियमापेक्षा मोठ्या खोपट्याचे क्षेत्रफळ मोजले गेले असते. माझे म्हणणे विचारण्यात आले. मी उभा राहिलो. डबा हातात होता, झाकणाखाली बोट सरकवलेले होते. मी हेर झाऊटर यांच्याकडे पाहिले. ते समोरचे कागद सरळ करीत होते.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून फ्राऊ झाऊटर बोलल्या.

"तुम्ही सगळे मला ओळखता. उन्हाळ्याआधी मी कशी होते तेही पाहिलंत. या माणसानं मला पानं दिली आणि बदल्यात काही मागितलं नाही. ती कसली आहेत हे मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे. मी झोपते. माझ्या वयात मला त्याची लाज वाटत नाही. तुम्ही त्यांना घालवलंत तर लाज तुम्हाला वाटावी."

माझ्या बाजूने त्या वसाहतीत इतके चांगले कुणी कधी बोलले नव्हते, आणि माझ्यावरचा आरोप याहून पक्का कुणी केला नव्हता. त्या माझ्याकडे वळून हसल्या. मला फक्त झाकण उघडायचे होते. उघडले असते तर ती हसणारी बाई सगळ्या गावासमोर आंबट भाजीचा काढा पिऊन झोपणारी म्हातारी ठरली असती, आणि त्या रात्री पाय पुन्हा जळू लागले असते.

"काऊन गप्प बसले?" सासूबाई कुजबुजल्या. "सांगा न त्यायले."

मी म्हणालो की मला अधिक काही सांगायचे नाही, आणि खाली बसलो.

मतदान झाले. हात वर गेले. हेर झाऊटर यांनी ते मोजले, आणि स्वतः कोणत्याच बाजूला हात वर केला नाही. अध्यक्षाने तटस्थ राहावे, असा तिथे संकेत आहे. ठरावात कारण काय लिहावे यावर थोडी चर्चा झाली. कुणाला लागवडीचा उल्लेख नको होता. शेवटी कुंपणाची उंची नियमाबाहेर असल्यामुळे वाकोडे यांचा पट्टा कायम करण्यात येत नाही, असे लिहिले गेले. ते कुंपण आमच्या आधीच्या माणसाने लावलेले होते. सभा संपली तशी सर्वांनी रिवाजाप्रमाणे टेबलांवर बोटांच्या पेरांनी टकटक केली. जर्मन सभ्यतेत ती टाळ्यांची जागा घेते.

तो आवाज ऐकून सासूबाईंचा चेहरा उजळला. "झालं? आपल्या नावावर झालं?"

यामिनीने माझ्याकडे पाहिले. गुडघ्याच्या निमित्ताने वाढवून घेतलेली त्यांच्या व्हिसाची मुदत संपत आली होती, आणि दोन दिवसांनी विमान होते.

"झालं, आई," मी म्हणालो.

त्या उठल्या. आम्ही त्यांना थांबवण्याच्या आतच त्यांनी पातेल्याचे झाकण काढले, भाकरीचे चतकोर केले आणि टेबला-टेबलावर वाढायला सुरुवात केली. लोक आधी बिचकले. कुणीतरी हळूच विचारले की ही 'तीच' का. मी म्हणालो, होय, तीच. मग मात्र ज्या हातांनी नुकतेच आमच्या विरुद्ध मत दिले होते ते सगळे हात पुढे आले. आंबट आहे असे कुणी म्हणाले नाही. ब्रेंडले यांनी दोनदा घेतली. पातेले भाकरीने पुसून झाले, आणि तरीही कुणी घरी जाईना. कोट अंगावर चढवून मंडळी खुर्च्यांत बसून राहिली, अधूनमधून एकमेकांच्या डोळ्यांत पाहत, काहीतरी होण्याची वाट पाहत.

न खाणारे एकटे हेर झाऊटर होते. त्यांनी थाळी हाताने बाजूला सारली. पोट बरे नाही, म्हणाले.

सासूबाईंना ते लागले. त्या त्यांच्यासमोर पातेले घेऊन उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "त्यायले म्हणा, तब्येतीले जपा. आता शेजारी हाओत आपण. पुढच्या साली तुमच्या बायकोसाठी वेगळा वाफा टाकतो म्हणा."

जर्मन भाषेत मला बऱ्यापैकी गती आहे. मी ते वाक्य काहीही न वगळता भाषांतर करून सांगितले. फ्राऊ झाऊटर यांनी आनंदाने टेबलावर टकटक केली. त्यांचे यजमान ठरावाचा कागद घडी करत होते. तो नीट दुमडेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.